साहेबांचं बिऱ्हाड

परवा बोईसरच्या नाक्यावर माझी रिक्षा गवतानं भरलेल्या एका ट्रकच्या मागं अडकली. कारखान्यांच्या या गावातले वास माझ्या नाकाला इतके सवयीचे झालेत की आता ते जाणवतही नाहीत. पण वाळल्या गवताचा वास आला आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, आगे मत निकालो, इसके पीछेही रहो." त्यानं आरशातून माझ्याकडं एकदा नीट बघून घेतलं. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याला वाटलं असणार, पण बिचारा राहिला मागं. पुलापर्यंत तो वास माझ्या पदरात पडत होता.

त्याच संध्याकाळी पुण्याहून नातीचा फोन. आमची सई चोवीस वर्षांची, नोकरी करते, एकटी राहते आणि एकटीला करमत नाही म्हणून तिनं फेरेट नावाचा प्राणी आणलाय. लांबुडकं अंग, आखूड पाय, टोकदार तोंड. फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला. ती मात्र भडाभडा बोलत होती. पिंजरा खिडकीपाशी ठेवू की पलंगाखाली, त्यात झोळी टांगू की मऊ उशी घालू, स्वयंपाकघराजवळ बरं की गॅलरीत. "आजी, तू सांग ना, याचं घर कुठं करू?"

"त्याला विचारलंस का?" मी म्हटलं.

ती खळखळून हसली. मी चेष्टा करत नव्हते, पण फोनवर हे समजावून सांगायचं म्हणजे साठ वर्षांमागं जायला हवं होतं. फोन ठेवला आणि मी एकटीच गेले.

तारापूरला तेव्हा अणुवीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. हे तिथं पाइप जोडण्याच्या कामावर लागले होते. आमचं मूळ गाव कऱ्हाडकडचं, बारमाही विहिरीचं. पाऊस सरता सरता ह्यांनी मला इकडं आणलं आणि पाम गावात जमनावहिनींच्या घरामागची एक खोली भाड्यानं घेतली. कुडाच्या भिंती, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात चूल. चुलीमागं लाकडं रचलेली. खिडकी उघडली की गवत दिसायचं. नुसतं गवत. आमच्याकडं गवत म्हणजे बांधावरची गोष्ट, बैलापुरती. इथं ते डोंगराच्या पायथ्यापासून आमच्या दारापर्यंत आलं होतं, माणसाच्या कमरेएवढं, आणि दसऱ्याच्या उन्हात त्याचा रंग सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. वारा आला की सगळा माळ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचा. पहिल्या दिवशी मी हातात केरसुणी धरून ते बघत किती वेळ उभी राहिले, कोण जाणे. इतकं मोठं काही मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि ते कुणी पेरलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या वर्षी ज्येष्ठात माहेरी मला मुलगी झाली होती. ती राहिली नाही. नाव ठेवायच्या आधीच गेली. त्यानंतर मी कुणाशी फारसं बोलत नव्हते, म्हणून ह्यांनी मला इकडं आणलं. हवापालट, असं घरी सांगितलं. आम्हा दोघांत काही ठरलं नव्हतं, पण काही शब्द त्या खोलीत यायचे बंद झाले होते. पाळणा म्हणायचं नाही, अंगाई म्हणायचं नाही, बाळंतीण तर नाहीच. शेजारच्या गल्लीत कुणी बाळंत झालं तर हे "त्या घरात पाहुणे आलेत" असं काहीतरी म्हणून वेळ मारून न्यायचे. माझ्या ट्रंकेत तळाशी आईनं बांधून दिलेली धुरीची पुडी होती. ओवा, शेपा, वावडिंग. बाळाला घेऊन इकडं येईन तेव्हा लागेल म्हणून तिनं ती आधीच भरून ठेवली होती. नंतर ती बाहेर काढायचं धैर्य कुणालाच झालं नाही, आईलाही नाही, मलाही नाही.

गवतकापणी सुरू झाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी जमनावहिनी डोक्यावर भारा आणि हातात पाटी घेऊन आल्या. पाटीवर दुसरी पाटी पालथी घातलेली.

"अगो बाय, ह्याला तू ठेव," त्या म्हणाल्या. "माज्या घरात कोंबड्या हायत. मी ह्याला ठेवला तर सकाली पिसां मोजीत बसावा लागंल."

"पण काय आहे?"

"मुंगूस. विल्याखाली आला. पाय कापलाय."

मी लहानपणी मुंगसानं तोंड दाखवावं म्हणून त्याला रामाची शपथ घातलेली बाई. शपथ घातली की ते थांबून मागं बघतं, अशी आमची खात्री. हे मात्र शपथेविना तोंड दाखवत होतं. पाटीच्या फटीतून तांबूस डोळा माझ्यावर रोखलेला, त्यात भीती होती म्हणावं तर नव्हती. मी हळद लावायला बोट पुढं केलं आणि त्यानं ते कडाडून चावलं. रक्त आलं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर ज्येष्ठापासून पहिल्यांदाच मला काहीतरी धडपणे आलं होतं, राग तर राग. "राहा मग इथंच," मी त्याला म्हटलं, "बघते कसा जातोस ते." चावऱ्या पाहुण्याला दोन्ही हातांनी धरून मी हळद लावलीच.

जखम भरेपर्यंत त्याला कुठं ठेवायचं, हा प्रश्न संध्याकाळी ह्यांच्यापुढं आला. ह्यांना असे प्रश्न आवडायचे. साइटवरून त्यांनी देवदाराचं एक खोकं आणलं, परदेशी अक्षरं छापलेलं. त्याला पुढं दार बसवलं, कडी लावली, बाजूला जाळीची खिडकी. मी आत माझ्या जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या. खोक्याला जागा बघायची तर माझी हौस निराळीच. आधी पूर्वेच्या भिंतीला ठेवलं, सकाळचं कोवळं ऊन मिळावं म्हणून. तिथं मुंग्या निघाल्या. मग मोरीपाशी, गारव्याला. तिथं ओल. मग चुलीजवळ, उबेला. आमच्या कऱ्हाडकडं दिवाळीत दात वाजतात, त्या हिशेबानं मी ऊब शोधत होते आणि इथं कार्तिकातही अंगाला पदर चिकटत होता. दर खेपेला मुंगूस लंगडत बाहेर यायचं, नाक वर करून खोलीभर फिरायचं, भिंतीच्या कडेनं, पिंपामागं, लाकडांच्या फटीतून, ट्रंकेखालून, आणि फेरी पुरी करून माझ्या समोर येऊन बसायचं. त्याच्या चेहऱ्यावर साफ नापसंती.

"हे तर आमच्या साहेबांवाणी करतंय," हे म्हणाले. "सगळं तपासायचं आन् शेवटी काम पुन्हा करा म्हणायचं." तेव्हापासून त्याचं नाव साहेब.

साहेबांना अंडं दिलं की ते तोंडानं फोडत नसत. पुढच्या पायांत धरायचं, भिंतीकडं पाठ करायची आणि मागच्या दोन पायांमधून ते असं भिरकवायचं की भिंतीवर आपटून फुटलं पाहिजे. हे त्याला कुणी शिकवलं? आई तर जवळ नव्हती. एकदा मी कांदा पुढं ठेवला तर त्याचीही तीच गत. फुटेना म्हणून पुन्हा, पुन्हा. मी हसले. खोलीच्या भिंतीनं माझं हसणं पहिल्यांदा ऐकलं ते कांद्यामुळं. बाहेर वहिनी गवताच्या पेंढ्या बांधत होत्या, त्या हात थांबवून दारात येऊन बघून गेल्या, काय झालं म्हणून.

पण साहेब खोक्यात झोपेनात. रात्री कडी लावली तर आतून लाकूड खरवडायचे आणि कडी काढली तर सकाळी गुंडाळून ठेवलेल्या चटईत सापडायचे. नळीसारखी चटई, एका तोंडातून नाक बाहेर, दुसऱ्यातून शेपटीचं टोक. चार दिवस बघितल्यावर ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी करवत घेतली आणि खोक्याच्या मागच्या फळीला दुसरं भोक पाडलं. पुढची कडीही काढून टाकली. खोकं भिंतीपासून थोडं सुटं, मोरीच्या बाजूला, चुलीपासून लांब, अर्ध्या अंधारात सरकवलं. साहेब आले. पुढून आत गेले, मागून बाहेर आले. पुन्हा मागून आत, पुढून बाहेर. हे पाच-सहा वेळा झालं. मग आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. वाकून बघितलं तर माझ्या लुगड्यावर वेटोळं करून झोपलेले, पोट वरखाली होतंय.

आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून ते बघत राहिलो. हे हळू आवाजात म्हणाले, "तिकडं आमी एक घर बांधतोय, त्यातनं सुईएवढी फट ऱ्हाता कामा न्हाई. माणूस उभा आडवा मावंल एवढी जाड भिंत. आन् ह्याला बघ, एका दाराचं घर नको." ते घर मी लांबूनच पाहिलं होतं, समुद्राच्या काठाला, आभाळात वर गेलेलं. आत डोळ्याला न दिसणारं काहीतरी राहायला येणार होतं आणि त्याला बाहेर येऊ द्यायचं नव्हतं. इतकी माणसं, इतक्या बोटी भरून आलेली यंत्रं, सगळी त्या एका बिऱ्हाडकरूसाठी. मला दोन्ही गोष्टींचं सारखंच नवल वाटलं. कुणाला काय घर लागतं हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, त्याच्या खोड्या बघत बसावं लागतं.

आता पुढचं. साहेब आमच्याकडं राहिले याचा मला इतका आनंद झाला होता की दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक उघडली. पुडी काढली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आमच्याकडं नव्या जिवाला धुरी देतात. त्यानं सर्दी जाते, किडामुंगी जाते, दृष्ट जाते, आणि घरानं त्याला आपलं म्हटलं असं होतं. साहेबांच्या घरात मुंग्या नको होत्या. पण मुंग्या हे निमित्त, मला त्यांना आपलं म्हणायचं होतं. मी धुपाटण्यात शेणीचे निखारे घेतले, वर ओवा टाकला, वावडिंग टाकलं, आणि धुपाटणं खोक्याच्या पुढच्या तोंडाशी धरलं. तो वास. माझ्या आईच्या खोलीचा, आजोळच्या सगळ्या बाळंतिणींचा वास. धूर निळा होऊन आत गेला.

साहेब मागच्या भोकातून असे सुटले की मला फक्त एक रेघ दिसली. मोरीच्या वाटेनं बाहेर, आणि गवतात. लंगडणंबिंगडणं काही नाही.

मी दारात गेले, हाका मारल्या. मुंगसाला हाक मारून काय होतंय, तरी मारल्या. वहिनी आल्या. माझ्या हातातलं धुपाटणं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"धूर केलास त्याच्या घरात?"

"ओवा होता, वहिनी. वावडिंग होतं. चांगलं असतं."

"तुला ओवा गो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "हंगाम सरला का आमी माळ पेटवतो. बिलात धूर आला का त्याला एकच म्हाईत, आग आली, पल. त्याची आय पन तशीच पलाली असंल."

त्या दिवशी मी जेवले नाही. ज्या गोष्टीनं आमच्याकडं बाळ घरचं होतं, त्याच गोष्टीनं त्याचं घर सुटलं होतं. मी कितीही मायेनं धुपाटणं धरलं असतं तरी त्याच्या नाकाला ती आगच. संध्याकाळी हे आले, त्यांनी रिकामं खोकं पाहिलं, उघड्या ट्रंकेकडं पाहिलं आणि तिचं झाकण लावलं. एवढ्याशा जनावरासाठी मी इतकी का रडते हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, आणि तो शब्द आम्ही तेव्हाही उच्चारला नाही. मला एवढंच हवं होतं की आलेला जीव एकदा तरी माझ्या घरात राहावा.

दिवस जात राहिले. माळ कापून झाला तसा घरामागं गवताची गंजी चढली, आमच्या कौलांपेक्षा उंच. तिच्या पोटात साहेबांनी बिऱ्हाड केल्याचं वहिनींनीच आधी पाहिलं. मी रोज दुपारी गंजीच्या पायाशी अंडं ठेवायचे आणि लांब जाऊन बसायचे. काही वेळानं गवत हलायचं. अंडं गंजीला टेकलेल्या दगडावर भिरकावलं जायचं, तो टक् आवाज ऐकला की माझं जेवण गोड व्हायचं. साहेब अंगानं भरले होते. मला वाटायचं, अंड्यांनी. माझ्याकडं बघायचे, पण जवळ यायचे नाहीत. मी खोक्याचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवून ठेवलं होतं. लुगडं धुऊन, उन्हात वाळवून, वास घालवून पुन्हा घातलं होतं. त्यांनी तिकडं ढुंकून पाहिलं नाही.

मार्गशीर्ष लागला आणि गवताच्या गाड्या बोईसर स्टेशनला जायला लागल्या. तिथून गवत मुंबईला, तबेल्यांना. आपल्याही गंजीची पाळी येणार हे मला माहीत होतं. मी वहिनींना म्हटलं, खालचा एक थर तरी ठेवा. त्या विचारात पडल्या. "व्यापाऱ्याशी बोलून झालाय गो बाय," त्या म्हणाल्या. "थर ठेवला तरी वरना उघडा पडंल. कावले, घारी सोडतील काय?" खरंच होतं ते. पण ज्या सकाळी बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि माणसं गंजीवर चढली, त्या सकाळी मी घरात-दारात फेऱ्या घालत राहिले. एकदा मी पळवून लावलं होतं. आता दुसऱ्यांदा घर जाणार होतं आणि पुढं माळही कापलेला, मोकळा, लपायला काडी नाही.

हे पहाटेच्या पाळीला गेले होते. त्यांचा डबा करून चूल केव्हाच विझली होती. दुपार झाली. गंजी अर्ध्यावर आली. मी दारात बसून तांदूळ निवडत होते, पुढचं आणि मोरीकडचं, दोन्ही दारं सताड उघडी, कारण आत बसवत नव्हतं आणि बाहेर बघवत नव्हतं. मोरीच्या बाजूनं काहीतरी आलं. मी मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले.

साहेब होते. तोंडात उंदरासारखं काहीतरी लोंबत होतं. मला वाटलं शिकार. ते खोक्यावरून गेले, खोक्याकडं पाहिलंही नाही. ट्रंकेपुढून गेले. चुलीपाशी थांबले. नाक वर करून राख हुंगली. मग ते चुलीमागच्या लाकडांच्या फटीत शिरले आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आले. तोंड रिकामं. माझ्या पायाला जवळजवळ घासून, भर दुपारी, गाडीवानांच्या आरडाओरडीत पुन्हा गंजीकडं गेले, आणि पुन्हा आले. या वेळी मला नीट दिसलं. ते लोंबणारं हलत होतं. डोळे मिटलेले, मानेला धरलेलं, अंगावर जेमतेम केस.

ती होती. साहेब कसले, ती होती, आणि ती आपली पिल्लं माझ्या घरात आणत होती. सगळं उघडं पडत असताना, सगळ्या जगातून, तिनं हे घर निवडलं होतं, आणि तेही माझ्या हौसेचं खोकं नव्हे, तर तिचं तिनं पहिल्याच दिवशी फिरून तपासलेली जागा. मी काही केलं नव्हतं. माझ्या हातात तांदूळ होते आणि मी ते खाली पडू देत नव्हते, एवढंच माझं कर्तृत्व. ती आणखी एकदा गेली, आणखी एकदा आली. शेवटच्या खेपेला लाकडांत शिरण्याआधी थांबून तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. मी शपथ घातली नव्हती. आत गेल्यावर बारीक चुकचुक ऐकू आली आणि मग तीही थांबली, तोंडं दुधाला लागल्यावर थांबते तशी.

मी तशीच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते ज्येष्ठातलं पाणी नव्हतं. एवढं मोठं काहीतरी माझ्या एवढ्याशा खोलीत घडत होतं आणि मला तिथं बसू दिलं होतं, याचं ते पाणी होतं. वहिनी हाक मारत दाराशी आल्या, मी ओठांवर बोट ठेवलं, लाकडांकडं दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, ऐकलं, आणि गाडीवानांना गप्प करायला त्या मागं गेल्या.

तिन्हीसांजेला हे कामावरून आले. बारा तास राबलेला माणूस, दारातनंच त्यांची नजर चुलीकडं गेली. चूल थंड. भांडी पालथी. मी अंधारात भिंतीला टेकून बसलेली. त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा मागचे दिवस आले असं त्यांना वाटलं असणार. माझ्यासमोर उकिडवे बसत त्यांनी विचारलं, "का गं? चूल का पेटवली न्हाईस?"

मी म्हटलं, "धूर नको. घरात बाळंतीण आहे."

तो शब्द माझ्या तोंडून आला, सहज आला, आणि आम्ही दोघांनी तो ऐकला. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग लाकडांकडं. आतून चुकचुक आली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"मग पोहं भिजव," ते अगदी हळू म्हणाले. "आन् भांडी वाजवू नगंस."